आठवा अंश: वनस्पतींतून औषध काढण्याच्या गणिताचा इतिहास

वनस्पतीच्या मुळांत, सालीत किंवा पानांत असलेले औषधी द्रव्य बाहेर काढायचे तर पाणी किती घ्यावे, आच किती द्यावी आणि ती किती वेळ द्यावी, हे तीन प्रश्न काढा करणाऱ्या प्रत्येकापुढे उभे राहिले आहेत. भारतीय वैद्यकात त्यांचे सर्वांत नेटके उत्तर शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात मिळते. साधारणपणे चौदाव्या शतकातला मानल्या जाणाऱ्या या ग्रंथाने क्वाथाचा, म्हणजे काढ्याचा, विधी असा सांगितला आहे की एक पल भरड द्रव्य घेऊन त्यात सोळापट पाणी घालावे, मातीच्या भांड्यात मंद आचेवर ते उकळावे आणि आठवा अंश उरला की गाळून घ्यावे. आजच्या मापात पल ४८ ग्रॅमचे धरले, तर पाऊण लिटरहून थोड्या अधिक पाण्याचे सुमारे ९६ मिलिलिटर उरतात. मराठी घरांत आणि वैद्यांच्या बोलण्यात ‘अष्टमांश काढा’ हा शब्दप्रयोग अजून ऐकू येतो, तो या विधीतूनच आलेला आहे.

हा आठवा अंश म्हणजे परंपरेने चालत आलेला एखादा शुभ आकडा असे समजले, तर त्यामागचे चातुर्य नजरेआड होते. ज्या काळात वैद्याजवळ घड्याळ नव्हते आणि तापमापकही नव्हता, त्या काळात उकळण्याची क्रिया नेमकी कुठे थांबवावी हे सांगण्यासाठी डोळ्यांना दिसेल अशी एखादी खूण हवी होती. पाणी एकदा उकळू लागले की त्याचे तापमान जवळजवळ स्थिर राहते, आच मंद ठेवली की वाफ एका ठरावीक गतीने जाते आणि त्यामुळे भांड्यातील पाण्याची पातळी हेच घड्याळ बनते. पाणी आठव्या अंशावर आले याचा अर्थ द्रव्याला ठरावीक उष्णता ठरावीक वेळ मिळाली असा होतो. आच आणि वेळ या दोन राशी एकाच मोजमापात बांधून ते मोजमाप गृहिणीलाही साधेल इतके सोपे करणे, ही प्रयोगपद्धतीच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

याच ग्रंथातील दुसरा एक नियम त्याहून अधिक विचार करायला लावतो. औषधी तेले आणि तुपे सिद्ध करण्याच्या प्रकरणात पाण्याचे प्रमाण द्रव्याच्या कठीणपणावर ठरवले आहे, म्हणजे मऊ द्रव्याला चौपट, कठीण द्रव्याला आठपट आणि अतिकठीण द्रव्याला सोळापट पाणी घ्यावे असे म्हटले आहे. शिवाय एकूण द्रव्य किती घेतले यावरही ते ठरवले आहे. कर्षापासून पलापर्यंत द्रव्य असेल तर सोळापट, त्यापुढे कुडवापर्यंत आठपट आणि प्रस्थापासून खारीपर्यंतच्या मोठ्या मापांना फक्त चौपट पाणी पुरते, असा तो नियम आहे. लहान भांड्यातील थोडे पाणी लवकर आटते आणि द्रव्याला भिजायला, उकलायला अवधी मिळत नाही, तर मोठ्या कढईतील पाणी आटायला प्रहर लोटतात आणि तेवढ्या वेळात चौपट पाण्यातही द्रव्याचा अंश उतरतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात जमलेली कृती कारखान्याच्या टाकीत तशीच जमत नाही, ही आजच्या औषधनिर्मितीतील नित्याची अडचण आहे. मापाच्या बदलाबरोबर प्रमाणही बदलावे लागते हे भान या मध्ययुगीन ग्रंथात स्पष्ट दिसते.

त्याआधी कितीतरी शतके चरकसंहितेने द्रव्याचा अंश काढण्याचे पाच प्रकार सांगून ठेवले होते: ताज्या वनस्पतीचा पिळून काढलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून केलेला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलेला हिम किंवा शीत कषाय आणि गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळलेला फांट. काही द्रव्ये उकळू नयेत, त्यांचा गुण आचेने जातो, ही समजूत या विभागणीच्या मुळाशी आहे. आसव आणि अरिष्ट या आंबवलेल्या कल्पांत तर गुळाच्या किंवा मधाच्या किण्वनातून मद्यार्क तयार होतो आणि नुसत्या पाण्यात न उतरणारे अंश त्या पाणी व मद्यार्काच्या मिश्रणात उतरतात. विद्रावक, म्हणजे ज्या द्रवात पदार्थ विरघळतो तो द्रव, बदलला की हाती येणारे द्रव्यही बदलते, हे ज्ञान व्यवहारात पुरते मुरलेले होते. मात्र हे आकडे कोणत्या फसलेल्या आणि साधलेल्या प्रयोगांतून निघाले याची नोंद ग्रंथांत ठेवलेली नाही. निष्कर्ष जपला गेला आणि त्याच्याकडे नेणारी वाट पुसली गेली. पुढच्या पिढीला नियम पाळता आला, पण तो तपासून सुधारता आला नाही, ही या परंपरेची खरी उणीव मानावी लागते.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाचे रूपच पालटले. जर्मनीतील सेर्ट्युर्नर या औषधविक्रेत्याच्या साहाय्यकाने अफूतून मॉर्फीन वेगळे केले आणि १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिये व काव्हान्तू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले, तेव्हा वनस्पतीतील गुण म्हणजे वजन करता येईल असा एक शुद्ध पदार्थ, ही कल्पना रूढ झाली. मॉर्फीन, क्विनीन, स्ट्रिकनीन यांसारख्या नायट्रोजनयुक्त, आम्लारीधर्मी पदार्थांना अल्कलॉइड म्हणतात. सिंकोनाची अल्कलॉइडे सालीत आम्लांशी आणि टॅनिनाशी बांधलेली असतात; चुन्यासारख्या आम्लारीने त्यांना मोकळे केले की ती तेलासारख्या, पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात जातात आणि सौम्य आम्लाबरोबर घुसळले की पुन्हा पाण्यात येतात. या ये-जा करवण्याच्या युक्तीवर पुढचा जवळजवळ सगळा अल्कलॉइड उद्योग उभा राहिला. वनस्पतीतून द्रव्य अशा प्रकारे विद्रावकात उतरवून घेण्याच्या क्रियेला शास्त्रीय मराठीत निष्कर्षण म्हणतात.

भारतात या क्रियेचा पहिला मोठा सरकारी उद्योग सिंकोनाचा होता. १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून रोपे व बिया आणवून निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात लागवडी करण्यात आल्या. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यातही तो प्रयत्न झाला, परंतु तेथील पावसापुढे ती झाडे टिकली नाहीत. मलेरियाने दरवर्षी लाखो माणसे मरत असलेल्या देशात खरा प्रश्न शुद्ध क्विनीन मिळवण्याचा नव्हताच, गरिबाला परवडेल असे तापावरचे औषध मिळवण्याचा होता. भारतात चांगल्या वाढलेल्या लाल सालीच्या सिंकोनात क्विनीन कमी आणि त्याची भावंडे, म्हणजे क्विनिडीन, सिंकोनीन व सिंकोनिडीन, अधिक होती. ही भावंडे निरुपयोगी समजून टाकून द्यावीत की नाही, हे ठरवण्यासाठी १८६६ मध्ये वैद्यकीय चौकशी नेमण्यात आली आणि तिच्यात हिवतापाच्या २४७२ रुग्णांना ही चार अल्कलॉइडे वेगवेगळी देऊन पाहण्यात आली. त्यांपैकी २४४५ बरे झाले व २७ जणांना गुण आला नाही. दर हजारी अपयशाचे प्रमाण क्विनिडीनला ६, क्विनीनला ७, सिंकोनिडीनला १० आणि सिंकोनीनला २३ असे निघाले.

आजच्या कसोट्यांवर ही चौकशी उतरणार नाही, कारण औषध न देता ठेवलेला तुलनेचा गट तिच्यात नव्हता आणि कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. असे असले तरी तिच्या आकड्यांनी एक अत्यंत महत्त्वाचा निर्णय घडवला. क्विनीन एकटेच मोजले तर भारतातील लाल साल निकृष्ट ठरत होती. चारही अल्कलॉइडांची बेरीज मोजली तर तीच साल उत्तम ठरली. दार्जिलिंगजवळच्या मुंगपू येथील कारखान्यात १८७० च्या दशकात सगळी अल्कलॉइडे एकत्र असलेले ‘सिंकोना फेब्रिफ्यूज’ नावाचे स्वस्त औषध तयार होऊ लागले ते या हिशेबावर. पुढच्या दशकात सालीची पूड आम्लारीबरोबर मिसळून फ्यूजेल तेल व खनिज तेल यांच्या मिश्रणाने धुण्याची पद्धत तेथे बसवण्यात आली आणि शुद्ध क्विनीनही स्वस्तात निघू लागले. बंगालमध्ये ते एका पैशाच्या पुडीत टपाल कचेऱ्यांतून विकले गेले. काय मोजायचे हे आधी ठरले आणि मग ते कसे वाढवायचे हे शोधले गेले, हा क्रम येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तो क्रम चुकला की काय होते याचे उदाहरण सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या मुळीने दिले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये या मुळीतून अनेक अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ एकाला अजमलीन हे नाव दिले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते काम उत्कृष्ट होते. परंतु मुळीचा शामक गुण चांगला स्फटिक देणाऱ्या त्या अंशांत पुरता सापडत नव्हता. मुंबईच्या रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव आकड्यांसह प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले, त्यानंतर स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये रेसर्पीन वेगळे केले, ते मुळीच्या चिकट, राळेसारख्या अंशातून. शुद्धता आणि स्फटिक यांचा माग काढणाऱ्याला जे गाळ वाटते, त्यातच रुग्णाला हवे ते असू शकते.

एवढ्या अवधीत निष्कर्षणाची साधने सुधारत होती. फ्रान्स फोन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी काचेचे एक उपकरण तयार केले, ज्यात खालच्या चंबूतील विद्रावकाची वाफ वर जाऊन थंड होते, कागदी नळकांड्यातील पुडीवर ठिबकते आणि भांडे भरले की आपोआप खाली उतरते. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत आजही विद्यार्थ्याची निष्कर्षणाशी गाठ पुष्कळदा याच उपकरणापाशी पडते. साधने बदलली तरी प्रयोगाची रीत मात्र जुनीच राहिली. तापमान स्थिर ठेवून वेळ बदलून पाहायचा, उत्तम वेळ सापडला की तो पक्का करून तापमान बदलायचे, मग तेही पक्के करून मद्यार्काचे प्रमाण बदलायचे, अशी एका वेळी एकच घटक हलवण्याची ही रीत दिसायला काटेकोर असते, आणि म्हणूनच तिच्यातील दोष ओळखायला फार काळ लागला.

तो दोष घटकांच्या परस्परक्रियेत आहे. परस्परक्रिया म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसरा घटक कोणत्या पातळीवर आहे यावर अवलंबून असणे. कमी तापमानाला द्रव्य सावकाश उतरते, म्हणून तेथे अधिक वेळ हिताचा ठरतो. जास्त तापमानाला ते भराभर उतरते पण थोड्याच वेळात विघटित होऊ लागते, म्हणून तेथे अधिक वेळ घातक ठरतो. अशा स्थितीत ‘उत्तम वेळ कोणता’ या प्रश्नाला स्वतंत्र उत्तरच नसते. धुक्यात गड चढणाऱ्याने आधी फक्त उत्तरेकडे जाता येईल तेवढे चढायचे, मग तेथून फक्त पूर्वेकडे, असे ठरवले आणि गडाची सोंड मात्र तिरकी, ईशान्येकडे चढत गेलेली असली, तर तो लवकरच अशा जागी पोचतो जिथून उत्तरेला पाऊल टाकले तरी उतार आणि पूर्वेला टाकले तरी उतार. माथा आला असे समजून तो थांबतो आणि खरा माथा धुक्यात वरच राहतो.

या दोषावरचा उपाय औषधांच्या प्रयोगशाळेत सापडला नाही, तो शेतात सापडला. इंग्लंडमधील रोदमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते आणि त्यांच्या नोंदींचे ढीग साचले होते. ते तपासण्यासाठी १९१९ मध्ये सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर तेथे गेले. एकाच शेताचे दोन वाफे कधीच सारखे नसतात, मग पिकातील फरक खताचा की मातीचा हे कसे ठरवायचे, या अडचणीतून त्यांनी तीन तत्त्वे घडवली: प्रत्येक प्रयोगाची पुनरावृत्ती करणे, कोणत्या वाफ्याला काय द्यायचे हे दैवावर सोपवणे, आणि सारख्या वाफ्यांचे गट पाडणे. एकूण फरकापैकी किती फरक कोणत्या कारणाचा हे वेगळे काढणाऱ्या त्यांच्या गणिताला प्रचरण विश्लेषण म्हणतात. १९२६ च्या एका लेखात त्यांनी निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा या समजुतीला उघड विरोध केला आणि अनेक घटक एकदम बदलणाऱ्या प्रयोगांची बाजू मांडली. तीन घटक प्रत्येकी दोन पातळ्यांवर घेतले तर आठ जोडण्या होतात. त्या आठही प्रयोगांतून प्रत्येक घटकाचा परिणाम मोजता येतो आणि परस्परक्रियाही दिसते, म्हणजे एकच प्रयोग अनेक प्रश्नांची उत्तरे देतो.

हे शास्त्र भारतातही आधी शेतीच्या वाटेने आले, आणि त्या वाटेवर मराठी माणसांचा वाटा ठळक आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले, तेथे नेमन आणि पिअर्सन या सांख्यिकीतज्ज्ञांजवळ शिकले आणि परत येऊन त्यांनी भारतीय कृषि संशोधन परिषदेत सांख्यिकीचे काम उभारले. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेले शेती संशोधकांसाठीचे सांख्यिकीचे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कृषि महाविद्यालयांतून अनेक पिढ्यांनी ते वापरले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस आणि सी. आर. राव यांनी प्रयोगांच्या मांडणीचे गणितच पुढे नेले. राव यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या लंबिक सारण्या, म्हणजे थोड्या प्रयोगांत अनेक घटक समतोलाने बसवणारे तक्ते, पुढे जगभरच्या कारखान्यांत वापरल्या गेल्या. ज्वारी आणि कापसाच्या वाफ्यांवर हे गणित रुळत असताना वनौषधींचे निष्कर्षण मात्र त्याच्यापासून दूरच राहिले, ही खेदाची गोष्ट आहे.

शेतातले गणित रसायनाच्या कारखान्यात आणण्याचे श्रेय जॉर्ज बॉक्स यांना जाते. मूळचे रसायनाचे विद्यार्थी असलेले बॉक्स दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना पोर्टन डाउन येथील प्रयोगशाळेत काम करत होते. प्रयोगांचे आकडे इतके हेलकावे खात की सांख्यिकीशिवाय गत्यंतर नाही असे दिसून आल्यावर त्यांनी फिशर यांची पुस्तके वाचून ते शास्त्र स्वतःच आत्मसात केले. युद्धानंतर इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या रंगद्रव्य विभागात असताना त्यांनी के. बी. विल्सन या रसायनज्ञासह १९५१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि प्रतिसाद-पृष्ठ पद्धतीचा पाया घातला. शेतकऱ्याला निकालासाठी एक हंगाम थांबावे लागते, तर कारखान्यातील निकाल दुसऱ्या दिवशी हाती येतो. तेव्हा सगळे प्रयोग एकदम आखण्यापेक्षा थोडे करावे, शिकावे आणि पुढचे त्यावरून आखावे, हे त्यांनी ओळखले होते.

प्रतिसाद म्हणजे प्रयोगाअंती जे मोजायचे ते, उदाहरणार्थ शंभर ग्रॅम पुडीमागे मिळालेले द्रव्य. तापमान आणि वेळ या दोन दिशा मानल्या आणि प्रत्येक जागी मिळालेला प्रतिसाद उंची मानला, तर त्यातून डोंगरासारखे एक पृष्ठ तयार होते. ते संपूर्ण कोणालाच दिसत नाही, थोड्या जागी खुंट्या मारून त्याचा अंदाज घ्यावा लागतो. बॉक्स आणि विल्सन यांची रीत अशी की पायाशी चार-आठ प्रयोग करून सर्वांत तीव्र चढ कोणत्या दिशेला आहे हे काढावे, त्या तिरक्या दिशेने पावले टाकावीत आणि चढ मंदावला की माथा जवळ आला असे जाणून तेथे वक्रता मोजू शकणारी दाट मांडणी करावी. धुक्यातल्या गिर्यारोहकाला सोंडेची दिशा दाखवणारी ही रीत होती.

पुढची काही वर्षे प्रयोगांची संख्या वाचवण्याच्या युक्त्यांची होती. प्लॅकेट आणि बर्मन यांनी १९४६ मध्येच अकरा घटकांतील महत्त्वाचे कोणते हे अवघ्या १२ प्रयोगांत चाळून काढणारी मांडणी दिली होती, जिथे सगळ्या जोडण्या करायच्या तर २०४८ प्रयोग लागले असते. बॉक्स आणि बेन्केन यांची १९६० ची मांडणी निष्कर्षणाला विशेष मानवली: तीन घटक तीन पातळ्यांवर तपासायला २७ ऐवजी साधारण १५ प्रयोग पुरतात, आणि सर्व घटक एकाच वेळी टोकाला नेणारा प्रयोग तिच्यात येत नाही. सर्वाधिक तापमान, सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक तीव्र विद्रावक एकत्र आले तर नाजूक द्रव्य जळून जाते आणि त्या प्रयोगाचा आकडा सगळ्या चित्राला वाकवतो. हा धोका त्या मांडणीत टळतो. संगणक स्वस्त झाल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही गणिते कुणालाही करता येऊ लागली आणि श्राव्यातीत ध्वनी, सूक्ष्मतरंग, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड अशी नवी साधने आली तशी तपासण्याजोग्या घटकांची संख्याही वाढत गेली.

याच काळातील सर्वांत मोठा शोध मात्र या गणिताशिवाय लागला, आणि त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. चीनमध्ये १९६७ मध्ये मलेरियावरील औषधासाठी ‘प्रकल्प ५२३’ सुरू झाला; तु यूयू यांच्या गटाने किंगहाव या वनस्पतीचे अर्क तपासले, पण त्यांचा गुण कधी दिसे तर कधी दिसत नसे. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा असे सांगितले होते, उकळण्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा आच हाच दोष असावा हे तु यांच्या लक्षात आले. त्यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर विद्रावक म्हणून घेतले, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये तपासलेला १९१ क्रमांकाचा अर्क उंदरांतील मलेरियावर पूर्णपणे गुणकारी ठरला. त्या अर्कातील औषधी द्रव्याच्या, म्हणजे आर्टेमिसिनीनच्या, रेणूतील ऑक्सिजनचा नाजूक पूल उष्णतेने तुटतो, हे पुढे कळले. काढा आणि स्वरस हे वेगळे कल्प आहेत हे चरकाच्या वाचकाला नवे नव्हते, आणि कोणताही तक्ता ही सूचना आपणहून देऊ शकला नसता, कारण प्रयोगकर्त्याने घटकांच्या यादीत जे घातलेच नाही त्याबद्दल गणित मौन राहते. तु यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिसादाच्या निवडीचेही असेच आहे. गेल्या काही दशकांतील निष्कर्षणाच्या निबंधांत पुष्कळदा ‘एकूण फिनॉले’ हा आकडा प्रतिसाद म्हणून घेतलेला असतो, कारण फोलिन आणि सिओकाल्तो यांच्या अभिकारकाने तो काही मिनिटांत निळ्या रंगावरून मोजता येतो. तो अभिकारक मात्र जीवनसत्त्व क आणि काही शर्करा यांसारख्या इतर पदार्थांनाही निळा होतो आणि त्यातील कोणता अंश औषधी आहे हे सांगत नाही. अशा प्रतिसादाचा माथा कितीही अचूक काढला तरी तो चुकीच्या डोंगराचा माथा असू शकतो. मुंगपूच्या हिशेबात रुग्ण बरा झाला की नाही हा आकडा होता. सर्पगंधेच्या आरंभीच्या कामात तो नव्हता. सांख्यिकीने दिलेल्या उत्तराची किंमत तिला विचारलेल्या प्रश्नाइतकीच असते हे मान्य केले, तर वनौषधींच्या निष्कर्षणात प्रश्न ठरवण्याचे काम वैद्य, औषधशास्त्रज्ञ आणि वनस्पतींचे जाणकार यांनी एकत्र बसून करणे अपरिहार्य आहे.

आणि प्रतिसादात आणखी एक राशी यायला हवी, जिचा विचार या इतिहासात सर्वांत उशिरा झाला: झाड. सह्याद्रीतील नरक्या या लहानशा वृक्षाचे उदाहरण महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचे आहे. कर्करोगावरील कॅम्प्टोथेसीन हे अल्कलॉइड १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. तेच द्रव्य नरक्यात कितीतरी अधिक प्रमाणात आहे असे मुंबईत गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्रात काम करणाऱ्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. या द्रव्यापासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, मागणी वाढली आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या घाटमाथ्यावर नरक्या तोडून, खोड-मुळ्यांच्या चिपा करून विकण्याचा धंदा फोफावला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २००५ मध्ये नुसते ढवळणे, सॉक्सलेट, श्राव्यातीत ध्वनी आणि सूक्ष्मतरंग या पद्धतींनी नरक्यातून कॅम्प्टोथेसीन काढून तुलना केली तेव्हा सूक्ष्मतरंगांची पद्धत फार थोड्या वेळात चांगले उत्पन्न देणारी ठरली. अशी सुधारणा म्हणजे तेवढ्याच औषधासाठी कमी लाकूड, आणि निष्कर्षणाचे गणित शिकण्याचे याहून मोठे कारण दुसरे नाही.

ते कारण प्रत्यक्षात उतरायचे असेल तर निष्कर्षणावर लिहिणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आपल्या तक्त्यांत तापमान, वेळ आणि विद्रावक यांच्या शेजारी आणखी काही नोंदी न चुकता द्याव्यात: वनस्पती कोणत्या डोंगरातून, कोणत्या महिन्यात आणली, तिचे मूळ घेतले की पान, एक ग्रॅम शुद्ध द्रव्यासाठी किती किलो वनस्पती लागली, आणि ती तोडल्यावर झाड जगले की नाही.